पगाराची बोलणी : मागणे म्हणजे बेअदबी नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या पेढीवर हिशेबाच्या कामासाठी एक मुलगा आला. बी.कॉम. झालेला, टॅली येणारा, जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचा दोन वर्षांचा अनुभव असलेला. वागणे-बोलणे नीट. सगळे विचारून झाल्यावर आम्ही सरळ प्रश्न केला, "पगार किती हवा?" मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, "आप जो मुनासिब समझें."

त्याचे वडील आमच्या ओळखीचे. मालेगावात त्यांचे बारा यंत्रमाग आहेत. त्याच आठवड्यात ते ग्रे कापडाच्या सौद्यासाठी आमच्याकडे येऊन बसले होते. मीटरमागे दहा पैशांवरून पाऊण तास बोलणी चालली. दोनदा चहा झाला, एकदा ते उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी पाच पैसे त्यांनी सोडले, पाच आम्ही सोडले. उठताना दोघेही खूश, कोणाच्या मनात किल्मिष नाही.

आम्ही त्या मुलाकडे पाहत राहिलो. बाप दहा पैशांसाठी पाऊण तास घालवतो, आणि मुलगा वर्षाच्या तीनशे दिवसांचा भाव एका वाक्यात आमच्या हवाली करून मोकळा होतो! हा प्रकार एका मुलाचा नाही. आपल्या समाजातील कारागीर, जॉबर, दुकानातला नोकर, शाळेत शिकवणारी मुलगी, आखातात जाणारा तरुण, सगळ्यांची हीच तऱ्हा आहे. मालाचा भाव करताना आपली जीभ चालते. श्रमाचा भाव करताना ती टाळूला चिकटते. म्हणून या पानावर आज सुताच्या भावाऐवजी या विषयावर लिहीत आहोत.

संकोच कुठून आला?

आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. मोठ्यांसमोर आवाज चढवू नये, स्वतःची तारीफ स्वतः करू नये, हात पसरू नये, हे आम्हाला तिथे शिकवले गेले. ही शिकवण चांगलीच आहे. पण तिचा एक चुकीचा अर्थ आमच्या पिढीने काढला आणि मुलांपर्यंत पोचवला. भीक मागणे आणि मोबदला ठरवणे या दोन गोष्टी आम्ही एकाच मापाने मोजल्या.

धर्माने तर असे कुठेच सांगितलेले नाही. कुरआनातील सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांचा मदयनमधील प्रसंग आहे. बलवान आणि विश्वासू माणूस कामावर ठेवण्यास उत्तम, अशी शिफारस मुलगी वडिलांकडे करते. मग वडील मुदत सांगतात : आठ वर्षे काम, आणि दहा पूर्ण केली तर ती तुमची मर्जी. हजरत मूसा (अ.) लगेच बोलणे पक्के करतात, की या दोन्हींपैकी कोणतीही मुदत मी पुरी केली तरी माझ्यावर जास्तीचे ओझे नको, आणि अल्लाह याला साक्षी आहे. विवाहाचाच तो करार होता. परंतु काम किती, मुदत किती, बंधनकारक काय आणि खुशीचे काय, हे सगळे आधी स्पष्ट झाले. "जे योग्य वाटेल ते" असे कोणीही म्हणाले नाही.

हजरत यूसुफ (अ.) यांनी इजिप्तच्या राजाला सांगितले, की देशाच्या कोठारांचा कारभार माझ्याकडे द्या, मी जपणारा आहे आणि जाणणारा आहे. आपली लायकी आपल्या तोंडाने सांगितली, आणि नेमकी त्या कामाला लागणारी लायकी सांगितली. ती बढाई नव्हती. मजुरी स्पष्ट केल्याशिवाय मजुराला कामावर लावू नये, अशी प्रेषितांची (स.) मनाई हदीसमध्ये आलेली आहे. मजुरी अंधारात ठेवून काम सुरू करणे हीच खरी बेअदबी आहे.

आमचा स्वतःचा गुन्हा

दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतःचे सांगतो. आमच्याकडे एक माणूस अकरा वर्षे होता. गाठी मोजणे, माल तपासणे, पाली-बालोत्र्याच्या व्यापाऱ्यांची उगाही, सगळे तो पाही. कोणत्या पार्टीचे पेमेंट साठ दिवसांचे सांगून नव्वद दिवसांनी येते, कोण रोखीवर किती वटाव कापतो, कोणाच्या मालात पिकांची चोरी असते, हे त्याला वही न उघडता ठाऊक. अकरा वर्षांत त्याने एकदाही पगारवाढ मागितली नाही. आम्ही ईदला जोड कपडे दिले, घरी लग्न निघाले तेव्हा उचल दिली, आणि आपण फार मोठे मन दाखवतो असे समजत राहिलो. पगार मात्र कधी दोन वर्षांनी, कधी तीन वर्षांनी, आमच्या लहरीप्रमाणे वाढे.

एके दिवशी त्याने चावी आमच्यासमोर ठेवली. दुसऱ्या पेढीने महिना तीन हजार रुपये जास्त देऊ केले होते. आम्ही म्हणालो, "भाई, तीन हजार आम्हीही दिले असते, बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "सेठ, अकरा साल से सोच रहा था कि आप खुद बोलेंगे."

त्याच्या जागी आलेल्या माणसाकडून पहिल्याच वर्षात एका पार्टीची उगाही राहून गेली. तीन हजाराचे वर्षाला छत्तीस हजार होतात. आमचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे झाले. पण पैशापेक्षा दुसरी गोष्ट आजही खटकते. तो अकरा वर्षे मनात हिशेब करत होता आणि आम्ही त्याच्या गप्प बसण्याला समाधान समजत होतो. त्याने मागितले नाही ही त्याची चूक. आम्ही विचारले नाही ही आमची. थोरली चूक कोणाची, हे कयामतच्या दिवशी ठरेल.

मागणाऱ्याने काय करावे

आता कामाच्या गोष्टी. आपण व्यापारी लोक सौद्याला बसण्याआधी जे करतो, तेच इथे करायचे आहे.

पहिली गोष्ट, बाजारभाव काढावा. गल्लीत, दुसऱ्या पेढीत, दुसऱ्या शहरात तेच काम करणाऱ्या चार जणांना विचारावे. भाव न काढता सूत विकत घेणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. मग भाव न काढता नोकरीला जाणाऱ्याला काय म्हणावे?

दुसरी गोष्ट, आकडा ठरवूनच जावे. दोन आकडे मनात असावेत : एक मागायचा, आणि एक ज्याच्या खाली उतरायचे नाही. पहिला तोंडाने सांगावा, दुसरा पोटात ठेवावा. आकडा सांगितल्यावर गप्प बसावे. आपली मुले इथे घोटाळा करतात. आकडा सांगतात आणि समोरचा काही बोलण्याआधीच म्हणतात, "थोडं कमी-जास्त चालेल." हा तर गिऱ्हाईकाने न मागता दिलेला वटाव झाला.

तिसरी गोष्ट, वेळ पाहावी. नव्या नोकरीत पगाराचे बोलणे मालकाचे मन वळल्यानंतर करावे. माल पसंत पडण्याआधी भाव काढला तर गिऱ्हाईक मालाकडे पाहतच नाही. चालू नोकरीत वाढ मागायची तर रमजानच्या ऐन गर्दीत मागू नये. दुकानात पाय ठेवायला जागा नसताना "वाढ द्या, नाहीतर चाललो" म्हणणे म्हणजे मालकाची मान पकडणे आहे. मिळेल, पण मनातून उतराल. सीझन संपून हिशेब झाला, की आठवडाभरात वेळ मागून बसावे.

चौथी गोष्ट, घरची अडचण हे वाढीचे कारण सांगू नये. मुलीचे लग्न आहे, घरभाडे वाढले, आई आजारी आहे, हे सांगितले की पगाराची बोलणी मदतीच्या विनंतीत बदलतात. मालक शंभराच्या पाच नोटा हातावर ठेवील, पुण्य केल्याचे समाधान मिळवील, आणि पगार होता तिथेच राहील. त्याऐवजी काम सांगावे : वर्षात किती उगाही केली, किती खराब माल परत पाठवला, कोणते नवे काम अंगावर घेतले. कागदावर पाच ओळी लिहून नेल्या तरी पुरे. काम दाखवणे घेणाऱ्याकडे असते, गरज ओळखणे देणाऱ्याकडे. आपण या दोन्हींची अदलाबदल करून बसलो आहोत.

पाचवी गोष्ट, खोटे बोलू नये. "मला अमक्या पेढीने इतके देऊ केले आहेत" असे खोटेच सांगणे किंवा आधीचा पगार फुगवणे आता सर्रास चालते. लिलावात घ्यायचे नसताना नुसता भाव चढवण्यासाठी बोली लावण्याला नजश म्हणतात आणि त्याची प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. खोटी बोली लावणे आणि खोटी नोकरी दाखवणे यांत आम्हाला फरक दिसत नाही. खरी बोली असेल तर अवश्य सांगा, शांतपणे सांगा.

सहावी गोष्ट, नुसता आकडा पाहू नये. पगार कोणत्या तारखेला हातात येतो? तास किती, जादा तासांचे काय? जुमाच्या नमाजला सुट्टी कशी? आजारपणाची रजा आहे का? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, आणि मालकाचा हिस्सा भरला जातो का? मालक आकड्यावर अडला तर या गोष्टींवर बोलणी होऊ शकतात. आम्ही भाव सोडत नाही तेव्हा पेमेंटचे दिवस सोडतो, तसेच हे आहे. आणि मालक "सध्या जमत नाही" म्हणाला तर रागाने उठू नये. "मग केव्हा बोलू या?" असे विचारून महिना पक्का करून उठावे.

कारागिरांसाठी वेगळे दोन शब्द

मजुरी नगावर किंवा मीटरवर घेणाऱ्यांची बोलणी आणखी अवघड असतात, कारण तिथे वेळ दिसत नाही. जरीकाम, भरतकाम, शिलाई करणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून पाहावे. समजा एका नगाची मजुरी १५० रुपये आहे आणि त्याला तीन तास लागतात. तासाला ५० रुपये झाले असे वाटेल. पण दोरा-सुई आपली असेल आणि त्याला १५ रुपये लागले, माल आणण्या-पोचवण्यात नगामागे अर्धा तास गेला, तर साडेतीन तासांना १३५ रुपये, म्हणजे तासाला ३८-३९ रुपये पडतात. हा हिशेब मालकासमोर मांडा. हिशेब मांडणाऱ्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

यंत्रमागावर मजुरी मीटरवर आणि पिकांवर चालते. वीजभार गेला, सूत खराब आले, बीमसाठी थांबावे लागले, की मीटर घटतात आणि मजुरी घटते. चूक कोणाचीही असो. म्हणून दर ठरवताना थांबलेल्या वेळेचेही बोलणे व्हावे. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांनी २०१३ साली मोठा संप केला, आणि त्यानंतरच्या करारात मजुरीवाढ दरवर्षी महागाईच्या आकड्याशी जोडण्याचे तत्त्व आले. अंमलबजावणीवरून वाद पुढेही होत राहिले, पण तत्त्व घेण्यासारखे आहे. वाढ केव्हा आणि कशाच्या आधाराने, हे एकदा लिहून झाले की दरवर्षी तोंड वेंगाडावे लागत नाही.

आणि उचल. हिच्याइतकी महाग वस्तू बाजारात दुसरी नाही. ज्याने वीस-पंचवीस हजारांची उचल घेतली, त्याने दर बोलण्याचा हक्क विकला असे समजावे. व्याज नसले तरी किंमत आहे. ती दर आठवड्याच्या मजुरीतून कापली जाते, आणि दुसऱ्या कारखान्यात चांगला दर असूनही पाय निघत नाही. मजुरी वाढवून मागण्याआधी उचल फेडा. लग्नात जेवणाची दोन ताटे कमी झाली तरी चालतील.

आखातात जाणाऱ्यांनी कागद वाचावा

कोकणातून, मराठवाड्यातून आपली मुले दुबईला जातात. एजंट एकूण आकडा सांगतो, मुलगा त्याला रुपयांनी गुणतो आणि सही करतो. त्या आकड्यात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे कोणी विचारत नाही. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार.

दोन मुले धरा. दोघांना एकूण २००० दिरहम. एकाचा मूळ पगार १०००, दुसऱ्याचा १६००, बाकी भत्ते. पाच वर्षांनी पहिल्याला ३५०० दिरहम मिळतील, दुसऱ्याला ५६००. काम तेच, महिन्याचा पगार तोच, आणि फरक २१०० दिरहमचा. एका महिन्याच्या पगाराहून जास्त. हा फरक सही करण्याआधी विचारलेल्या एका प्रश्नाचा आहे.

आपल्या देशातही भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी एकूण आकड्यावर नव्हे, 'वेतन' धरल्या जाणाऱ्या भागावरच मोजतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत नेमणूकपत्राची तरतूद आहे, आणि नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. पेढी लहान असो की मोठी, ठरलेले लिहून घेणे चांगलेच. कुरआनानेही उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. महिनाभर आधी काम आणि मग पैसे, ही उधारी नाही तर काय?

आता आमच्या मालक बांधवांना

हे पान वाचणारे निम्मे लोक पगार घेणारे नाहीत, देणारे आहेत. त्यांना हा लेख आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. पण ज्याने मजुराकडून पुरे काम घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही, त्याच्या विरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, हे बुखारीतील हदीसमध्ये आलेले आहे. कमी बोलणाऱ्याला कमी देणे म्हणजे मजुरी बुडवणे नव्हे, असे आपण मनाला समजावतो. आम्हीही अकरा वर्षे तसेच समजावले.

सर्वात वाईट प्रकार 'खिदमत'च्या नावाने चालतो. शाळा, मदरसे, दवाखाने आणि संस्था आपल्या कौमच्या सेवेसाठी आहेत, खरे आहे. मग त्या सेवेचा भार शिकवणाऱ्या मुलीनेच का उचलावा? डी.एड., बी.एड. झालेल्या मुली सही एका रकमेवर करतात आणि हातात दुसरी रक्कम पडते, अशी उदाहरणे आमच्या नात्यातच आहेत. घरी सांगितले तर वडील म्हणतात, "जाऊ दे बेटी, इज्जतीची नोकरी आहे." खोट्या रकमेवर सही करायला लावणे ही कोणती इज्जत? ज्या संस्थेला जास्त देणे खरोखर परवडत नाही, तिने तसे उघड सांगावे आणि कागदावर तेच लिहावे. मग मुलगी खुशीने कमी घेईल किंवा नाही म्हणेल. निर्णय तिचा राहील.

हजरत अबू बक्र (रजि.) कापडाचे व्यापारी होते. खलीफा झाल्यावरही ते कापड खांद्यावर टाकून बाजाराकडे निघाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना थांबवले, आणि त्यांच्या घराला पुरेल असे वेतन बैतुलमालमधून ठरवण्यात आले. त्यांना मागावे लागले नाही. गरज दुसऱ्यांनी ओळखली. आपण कापडवाले त्यांचे नाव आदराने घेतो. मग वर्षातून एकदा, हिशेब झाल्यावर, आपल्या माणसाला समोर बसवून "बोल, तुझे काय म्हणणे आहे?" एवढे विचारायला आपल्याला काय जड आहे?

त्या मुलाचे काय झाले?

त्या दिवशी आम्ही मुलाला कामावर ठेवले नाही आणि नकारही दिला नाही. "घरी जा, आकडा काढ, कारण लिही आणि उद्या ये," एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी तो वहीचा एक कागद घेऊन आला. वर आकडा होता, खाली चार ओळी होत्या. आकडा आम्ही मनात धरला होता त्याहून अडीच हजाराने जास्त होता. आवाज कापत होता, पण आकडा त्याने वाचून दाखवला आणि गप्प बसला.

आम्ही बोलणी केली. व्यापारी आहोत, एकदम हो कसे म्हणणार? हजार रुपये त्याने सोडले, आणि एक वर्षाने वाढीचे बोलणे होईल असे कागदावर लिहून घेतले. तो कागद आमच्या गल्ल्यात आहे, नक्कल त्याच्याकडे. संध्याकाळी त्याचे वडील भेटले. म्हणाले, "सेठ, लडके को बहस करना सिखा दिया आपने." आम्ही म्हणालो, "हे तुम्हीच घरी शिकवायला हवे होते."

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो, मागणाऱ्याला खरे बोलण्याची आणि देणाऱ्याला वेळेवर देण्याची तौफीक देवो. आमीन.